पूजेतले बूट

इथे कन्नड मुलखात, शहराच्या टोकाला बोम्मसंद्र्याला नोकरी करत होते तेव्हा दर सोमवारी चहाच्या वेळी फुटबॉलचा विषय निघायचा. "मॅडम, तुमची टीम कुठली?" असं नवी पोरं विचारायची. त्यांना युरोपातल्या एखाद्या मोठ्या क्लबाचं नाव हवं असायचं. मी आमच्या हलसूरमागच्या वस्तीतल्या संघाचं नाव सांगायचे. पोरं एकमेकांकडे बघायची. "हा कुठल्या डिव्हिजनला खेळतो?" "यादी खालून वाचायला लागा, लगेच सापडेल," असं म्हणून मी चहा संपवायचे.

चेष्टा मी करायची, दुसऱ्या कुणी केलेली मला खपत नाही. हा संघ माझ्या जन्माआधीचा आहे. माझे वडील शिंपी होते. लग्नाच्या बँडवाल्यांचे डगले शिवून उरलेल्या मरून कापडातून त्यांनी संघाच्या पहिल्या जर्सी शिवल्या, आणि तेव्हापासून संघाचं सगळं सामान आमच्याच घरी येऊन पडलं. चेंडू, पंप, जाळी, सगळं. मी चालायला शिकले ती जाळी धरून, असं वडील सांगायचे. ते थापा मारण्यात पटाईत होते, पण ही थाप मला आवडते म्हणून मी खरी मानते.

आम्ही बहुतेक वेळा हरलो. हळदीच्या दिवशी मी अंगाला हळद लागलेली असताना मैदानावर गेले, तेव्हाही हरलो. सासरच्यांनी कपाळाला हात लावला. नवरा मात्र पुढच्या रविवारी स्वतःहून बरोबर आला, तेव्हाच मी ओळखलं की संसार नीट होणार. माझा आवाज मोठा आहे. पंच मला लांबून ओळखतात आणि शक्यतो माझ्या बाजूला फिरकत नाहीत.

आई मात्र एकदाही मैदानावर आली नव्हती. दर रविवारी नवरा आणि मुलगी दोघं गायब होतात आणि चिखल घेऊन घरी येतात, एवढाच फुटबॉल तिला ठाऊक होता, आणि तेवढ्यावरच तिचा त्याच्यावर राग होता. वडिलांनी पहिल्यांदा खंडेनवमीला शिवणयंत्राशेजारी खेळाडूंचे बूट मांडले तेव्हा घरात महाभारत झालं. "देवापुढे बूट?" आई कडाडली. "खेळणाऱ्याचं हत्यार आहे ते," वडील म्हणाले. "माझी कात्री चालते, मग त्यांचे बूट का नाही?" शेवटी आईने दोन अटींवर मान्य केलं. बूट आदल्या दिवशीच घासूनपुसून घरी आले पाहिजेत, आणि एकदा हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वडील गेले, पण ती रीत चालूच राहिली. खेळाडू बदलले, कुणी कन्नड, कुणी तमिळ, कुणी उर्दू बोलणारे, पण दसऱ्याआधी पिशवीत बूट घेऊन सगळे आईच्या, म्हणजे त्यांच्या अज्जीच्या, दारात हजर.

आता गेल्या दसऱ्याचं सांगते.

संघाची अवस्था वाईट होती. लीगचा शेवटचा सामना उरला होता आणि तो जिंकला तरच आम्ही आमच्या डिव्हिजनमध्ये टिकणार होतो. बरोबरीही पुरणार नव्हती. आणि खाली गेलो तर संघ बंदच करायचा, असं कमिटीच्या म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. मीही त्या म्हाताऱ्यांत आहे. मी एकटीने विरोध केला, पण हात वर करणारे जास्त होते. त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नव्हतं. साठीच्या बाईने फुटबॉलपायी जेवण सोडावं हे हसण्यासारखं आहे खरं, पण मला हसू येत नव्हतं.

सामना दसऱ्याच्या दिवशी दुपारी तीनला. बूट नेहमीप्रमाणे पूजेसाठी आईकडे गेले. आदल्या दिवशी आयुधपूजेची, म्हणजे इथल्या खंडेनवमीची, सुट्टी होती, गावभर रिक्षा, बस, लेथ मशीन सगळ्यांना झेंडू लागले. म्हणजे दसऱ्याच्या सकाळी बूट मोकळे. हिशेब सरळ होता.

फक्त एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. आईच्या भिंतीवर इथलं कॅलेंडर नसतं. तिच्या माहेरून, बेळगावाकडून, दर वर्षी पंचांग येतं आणि ती त्याच्याबाहेर पाऊल टाकत नाही. त्या वर्षी दोन्हींत एका दिवसाचा फरक पडला होता. गावाचा दसरा होता त्या दिवशी आईची खंडेनवमी होती.

मी निवृत्तीनंतर लांब देवनहळ्ळीला, लेआउटमध्ये म्हणजे नव्या प्लॉटांच्या वसाहतीत राहायला गेले आहे, त्यामुळे हे मला कळायला मार्ग नव्हता. दुपारी बसने आईकडे पोहोचले तर दारात आमच्या कप्तानाची रिक्षा उभी. तो रिक्षाच चालवतो. रिक्षाला केळीचे खांब, झेंडूच्या माळा, सगळा थाट, आणि हा बाहेर पायरीवर डोकं धरून बसलेला. शेजारी आमचा पुढच्या फळीतला पुण्याचा मुलगा, बेळ्ळंदूरला कॉम्प्युटरवर काम करणारा.

"अक्का, एन माडोदु?" कप्तान म्हणाला. काय करायचं आता?

आत गेले. पाटावर वडिलांची कात्री, मागे शिवणयंत्र, आणि समोर सगळ्या संघाचे बूट ओळीने मांडलेले. प्रत्येकावर हळदकुंकू, अक्षता, एकेक फूल. समई तेवत होती. आई नुकतीच पूजा आटोपून हात पुसत होती.

"आई, सामना आहे आज. बूट हवेत."

"उद्या," आई म्हणाली.

"उद्या काय करू त्यांचं? लोणचं घालू?"

"तोंड सांभाळ. पूजेतली हत्यारं हलत नाहीत. तुझ्या वडिलांनी इतक्या वर्षांत कधी हलवली नाहीत."

पुण्याचा मुलगा दारातून म्हणाला, "आजी, टेक्निकली आज दसराच आहे ना. म्हणजे ऑफिशियली."

आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पायऱ्या खाली उतरला. नवे बूट विकत आणावेत, असं तो खालून म्हणाला. सणाची दुपार, दुकानं अर्धी बंद, आणि नवे बूट घालून खेळलं तर पहिल्या दहा मिनिटांत टाचा सोलवटतात. अनवाणी पंच खेळू देत नाहीत. मी आईवर ओरडले. ती माझ्यावर ओरडली. आवाज मला तिच्याकडूनच आला आहे, त्यामुळे अख्ख्या गल्लीला प्रकरण समजलं.

शेवटी मी खाली बसले आणि तिला सरळ सांगितलं, "आज हरलो तर संघ बंद होणार आहे. नाही गेलो तर हरलोच. तुला सांगितलं नव्हतं मी."

आईने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षी बूट येणार नाहीत?"

"कुणाचे येणार?"

तिने बुटांच्या ओळीकडे पाहिलं, मग कात्रीकडे. वडील गेल्यापासून ती कात्री वर्षातून एकदाच पेटीतून बाहेर निघते. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. मला वाटलं रुसली. बाहेर आली ती जांभळी इरकल नेसून.

"बूट पूजेतून उठणार नाहीत," ती म्हणाली. "पूजाच उठेल. पाट उचला. समई मी सांगते तशी धरायची, विझता कामा नये. जिथे हत्यारं तिथे पूजा, मग कसला दोष?"

असं कुठल्या पंचांगात लिहिलंय, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. कप्तानाने पाट उचलला. पुण्याच्या मुलाने बूट एकेक करून परातीत ठेवले, तेही आईने हातावर पाणी घातल्यावर. शिवणयंत्र तेवढं घरी राहिलं. रिक्षात मागे आई, मी आणि पेटती समई. केळीच्या खांबांमुळे रिक्षा मांडवासारखी दिसत होती. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने आम्हाला मनोभावे नमस्कार केला.

मैदानावर दुसरा संघ आम्हाला बघून हसला. आईने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाजूच्या दोरीमागे पाट मांडून घेतला आणि प्रत्येकाच्या हातात बूट देताना वर पुन्हा अक्षता टाकल्या. "कुंकू पुसायचं नाही," अशी तंबी दिली. सामन्याआधी पंच बुटांचे खिळे तपासतो. त्याच्या बोटांना कुंकू लागलं, आणि त्याने सवयीने ते कपाळाला लावलं. मला त्याच्याविषयी पहिल्यांदाच बरं वाटलं.

मग आईने माझी खरी शिक्षा सांगितली. वारा सुटला होता. "तू इथे बसायचं. पदर आडवा धरून दिवा सांभाळायचा. उठायचं नाही, हात हलवायचा नाही." आयुष्यभर त्या दोरीशी उभी राहून नाचणारी, ओरडणारी मी, आणि सगळ्यात मोठ्या सामन्याला समईपुढे मांडी घालून! ओरडायला काय हरकत आहे, असं विचारलं. "फुंकर लागते," आई म्हणाली.

पहिल्या अर्ध्यात आमच्यावर गोल झाला. मी पदराआडून नुसती कण्हले. मध्यंतरात पोरं माना खाली घालून आली. आई त्यांच्यापुढे उभी राहिली. तिला ऑफसाइड म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. ती कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, "माझा दिवा अजून पेटलेला आहे. खेळा."

दुसऱ्या अर्ध्यात कप्तानाने कॉर्नरवर डोक्याने बरोबरी साधली. माझ्या तोंडून किंकाळी निघालीच, आणि ज्योत अशी लवली की माझा जीव टांगणीला लागला. नाही विझली. पण वेळ संपत आली, आणि बरोबरी आम्हाला पुरणार नव्हती. मला आता बघवत नव्हतं. मी ज्योतीकडे बघत बसले आणि कानांनी सामना ऐकत राहिले.

तेव्हा मला एक आवाज ऐकू आला. मोठा, खणखणीत, पंचाचा उद्धार करणारा. मी चमकले. मी तर तोंड मिटून बसले होते. वर पाहिलं तर आई दोरीला पोट लावून उभी, जांभळा पदर कमरेला खोचलेला. "अरे डावीकडे मोकळा आहे तो! डोळे फुटलेत का? दे त्याला!" तिला कुणीही काहीही शिकवलं नव्हतं, आणि डावीकडे पुण्याचा मुलगा खरंच मोकळा होता. कप्तानाने चेंडू तिकडे दिला. फटका काही देखणा वगैरे नव्हता. चेंडू गोलकीपरच्या हाताला लागून, खांबाला लागून, त्या मुलाच्याच गुडघ्यावर आला आणि घरंगळत रेषेपलीकडे गेला. इतका हळू गेला की तो जात असताना मला देवाची दोन नावं घेता आली.

पंचाने शिट्टी फुंकली आणि मध्याकडे हात केला. गोल.

मी उठले नाही. पदर तसाच आडवा धरून ढसाढसा रडले, आणि आई त्या चिखलात चपला सोडून नाचली. कप्तान धावत आला तो मैदानातून थेट तिच्याकडे, आणि तिला त्याने अलगद उचललं. "खाली ठेव रे मेल्या, नवमी आहे," असं ती म्हणत होती आणि हसत होती. शेवटची शिट्टी झाली तेव्हा समई पेटलेलीच होती. आम्ही टिकलो होतो.

संध्याकाळी सगळे बूट परत पाटावर आले, चिखलाने माखलेले, घामाने ओले. मी फडकं घेऊन पुसायला लागले तर आईने हात धरला. "राहू दे. उद्या उत्तरपूजेला असेच हवेत." मग तिने समईत तेल घातलं आणि थोडा वेळ कात्रीकडे बघत बसली.

"दर रविवारी हे असं असायचं?" तिने विचारलं.

"बहुतेक वेळा आम्ही हरायचो."

"तरी जायचात दोघं." मी हो म्हटलं. ती मग उठली, भिंतीवरचं बेळगावचं पंचांग खिळ्यावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे तू ठेव," आई म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून ज्या दिवशी आपला सामना नसेल, त्या दिवशी नवमी."