बटणराव सुट्टीवर

ग्रंथपालबाईंच्या नवऱ्याला कचेरीत सगळे बटणराव म्हणत. तोंडावर साहेब, पाठ फिरली की बटणराव. कचेरीच्या उंच इमारतीची देखभाल त्यांच्याकडे होती. संध्याकाळी लोक घरी गेले की हा गृहस्थ वरच्या मजल्यापासून खाली येत येत एकेक बटण बंद करत यायचा. दिवे, पंखे, चहाची किटली, कुणी विसरलेला टेबलावरचा दिवा, काही म्हणजे काही सुटायचं नाही. पुढे ते निवृत्त झाले, पण त्यांचं बोट काही निवृत्त झालं नाही. घरात बाई वाचता वाचता पाणी प्यायला उठल्या, की परत येईपर्यंत खोलीत काळोख. एकदा बटणरावांनी गावाला जाताना फ्रीजही बंद केला होता. परत आल्यावर काय झालं ते घरात अजून कुणी बोलत नाही.

गेल्या काही वर्षांत बटणरावांचे कान गेले. दोन्ही कानांत इवलीशी यंत्रं आली. ती रात्रभर एका डबीत ठेवायची, डबीची वायर प्लगमध्ये घालायची, म्हणजे सकाळी यंत्रं ताजीतवानी. पण झोपण्यापूर्वी घरातलं प्रत्येक बटण बंद झालं पाहिजे हा बटणरावांचा नेम, आणि त्यात प्लगचंही बटण आलंच. म्हणून नवरा झोपला की बाई उठायच्या आणि ते चालू करायच्या. हे त्यांनी इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की आपण काही करतो हेही त्यांना आठवायचं नाही. ज्या दिवशी यंत्रं बंद पडत त्या दिवशी बटणराव कुणाला 'काय, काय' असं विचारत नसत. नंदीबैलासारखी मान डोलवत. त्यामुळे बाहेरच्या लोकांना ते फार समजूतदार वाटायचे.

अशा माणसाला घेऊन ग्रंथपालबाई दिराच्या ट्रेलरमध्ये, तळ्याकाठी, विजेच्या तारेपासून कोसभर लांब येऊन राहिल्या होत्या. हौस म्हणून नव्हे. त्यांना नवऱ्याशी बोलायचं होतं.

महिन्यापूर्वी बाई आजारी बहिणीकडे आठवडाभर राहून आल्या, तर घरात पाऊल टाकताक्षणी मुलगा म्हणाला, "आई, ठरलं. हे घर विकायचं आणि तुम्ही दोघं आमच्याकडे यायचं. बाबा हो म्हणाले." बाई उंबऱ्यातच थांबल्या. ज्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी निवृत्तीनंतर गल्लीतल्या पोरांसाठी वाचनालय उघडलं होतं, ते घर. मुलाकडची खोली त्यांनी पाहिली होती. चकचकीत होती, पण तिथे पुस्तकांना जागा नव्हती, कारण सुनेला धुळीचा त्रास. आणि बाबा हो म्हणाले. बायकोला एका शब्दानं न विचारता.

तेव्हापासून बाई मूग गिळून बसल्या होत्या. विषय नवऱ्यानं काढावा, असं त्यांच्या मनात होतं. निर्णय त्यांचा, तर तोंडही त्यांनीच उघडावं. बटणरावांनी चकार शब्द काढला नाही. घर बघायला माणसं आली, टेप लावून भिंती मोजून गेली, हे आपले खुर्चीत बसून सगळ्यांना नमस्कार करत राहिले. बाईंना वाटलं, मनात खातंय म्हणून गप्प आहेत. सह्या सोमवारी होत्या. रोज संध्याकाळी मुलगा, सून, दलाल यांचा घरात राबता, तेव्हा निवांत चार शब्द बोलायचे तर घराबाहेरच पडायला हवं होतं. दिराला ट्रेलर मागितला तेव्हा तो हसून म्हणाला, "वहिनी, या वयात?" बाई हसल्या नाहीत.

दिरानं ट्रेलर झाडाखाली लावला, गाडी सोडवली आणि रविवारी न्यायला येतो म्हणाला. बाई तेव्हा नळावर पाणी भरायला गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तो दीर दारात उभा राहून भावाला भराभरा समजावत होता, छपरावरचं सोलर पॅनल, बिछान्याखालची बॅटरी, हे बटण, ते बटण, आणि बटणराव मान डोलवत होते. प्रवासात गाडीची घरघर नको म्हणून यंत्रं डबीत होती, हे बाईंच्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी बटणरावांच्या कानांत यंत्रं होती, घरून भरून आणलेली. बाईंना बोलता आलं असतं. पण बटणराव इतके खुलले होते, तळ्यातल्या बदकांकडे बघून स्वतःशीच हसत होते, की बाईंची जीभ उचलेना. उद्या बोलू, म्हणाल्या.

उद्या यंत्रं मेली.

बाईंनी रात्री डबी प्लगला लावली होती. नवऱ्याचा हात माहीत असल्यानं प्लगच्या बटणावर चिकटपट्टीही लावली होती. तरी सकाळी डबीचा दिवा विझलेला. बॅटरीच्या डबड्यावरच्या पट्ट्यांपैकी एकच उरली होती, तीही लुकलुकत होती. आकाश निरभ्र होतं, ऊन रणरणत होतं, आणि बॅटरी उपाशी. बाई शिडी घेऊन छपरावर चढल्या, पॅनलवरची पाखरांची घाण आणि वाळकी पानं ओल्या फडक्यानं पुसली. संध्याकाळी पट्टी एकच.

मग त्यांचा संशय सावलीवर गेला. शेजारच्या ट्रेलरमध्ये एक दंतवैद्य आणि त्याची बायको उतरली होती. त्यांना हाताशी धरून, बटणरावांना मागे लावून, बाईंनी ट्रेलर ढकलत ढकलत झाडाखालून उन्हात आणला. दंतवैद्याची कंबर धरली. दुपारी ट्रेलरची भट्टी झाली, आत पाय ठेववेना, पाण्याच्या बाटल्या कोमट झाल्या. आणि पट्टी एकच. बाईंनी दंतवैद्याकडे डबी चार्ज करायला मागितली, तर तो कंबर चोळत म्हणाला, "आमचंच आम्हाला पुरत नाही हो, बाई."

आता उपास सुरू झाले. दिवा लावायचा नाही, असा बाईंनी नियम केला. रेडिओ बंद. फोन बंद करून ठेवला. मुलानं वाढदिवसाला दिलेला, स्वतःहून फिरणारा टूथब्रश पिशवीत गेला आणि दोघं बोटानं दात घासू लागली. सगळ्यात मोठी चीड म्हणजे मुलाच्या सांगण्यावरून बाईंनी पुस्तकं घरी ठेवली होती. "टॅबमध्ये शंभर पुस्तकं मावतात, आई, ओझं कशाला?" आता टॅबही मेला. सारा जन्म पुस्तकांत काढलेली बाई तळ्याकाठी बसून बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचत होती, ती वाचून झाल्यावर पुडा उलटा करून मागची.

आणि ओरडून सांगावं, तर ते त्यांना जमायचं नाही. 'हळू बोला' म्हणत त्यांची सगळी नोकरी झाली होती. एकदा प्रयत्न केला. बाहेर घडीच्या खुर्च्यांवर दोघं बसली होती.

"मला तुमच्याशी बोलायचंय," बाई जरा चढ्या आवाजात म्हणाल्या.

बटणरावांनी मान डोलवली.

"घराबद्दल."

पुन्हा मान.

"घराबद्दल!" पलीकडे दंतवैद्याच्या बायकोनं विणकाम थांबवून वर पाहिलं. बटणराव प्रसन्न हसले आणि बायकोच्या हातातला पुडा घेऊन एक बिस्कीट खाऊ लागले. बाई उठून तळ्याकडे चालू लागल्या. आपल्या संसारातली सगळ्यात अवघड गोष्ट एका दंतवैद्याच्या बायकोला ऐकवायची त्यांची तयारी नव्हती. लिहून द्यावं, तर तो माणूस चिठ्ठीखाली 'पाहिलं' असा शेरा मारून परत देणारा. बाईंना शेरा नको होता. तोंड बघून उत्तर हवं होतं.

शनिवार उजाडला तेव्हा बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. नवऱ्याचा तर इतका राग आला होता की त्यांनी सकाळी त्याच्यासाठी चहाही टाकला नाही. बिछान्यावर पडून राहिल्या. बटणराव फेरफटका मारायला निघाले. टोपी घातली, बूट घातले, दाराजवळ थांबले. दाराशेजारच्या खुंटीवर त्यांचा निळा टॉवेल लटकत असे. तो त्यांनी एका हातानं बाजूला केला, दुसऱ्या हातानं भिंतीवर काहीतरी दाबलं. टक असा आवाज आला. टॉवेल सारखा करून, शीळ घालत, ते बाहेर पडले.

बाई ताडकन उठल्या. टॉवेल ओढून काढला. मागे दोन बटणं होती. एक दिव्याचं. दुसऱ्याखाली दिरानं स्वतःच्या हातानं कागद चिकटवला होता, 'सोलर. हे कधीही बंद करू नये.'

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते बाईंना त्या दिवशी कळलं. हा माणूस रोज सकाळी बाहेर जाताना सूर्य बंद करून जात होता. बाई झोपेत असताना, पहाटेच्या अंधारात दिव्यासाठी चाचपडत दोन्ही बटणं एकदम चालू करत होता. तेव्हा पॅनल कुठलं ऊन खाणार, चांदणं? आणि आपण छपरावर चढलो. दंतवैद्याची कंबर मोडली. रागवावं म्हटलं तर ज्याच्यावर रागवायचं त्याला ऐकू येत नव्हतं.

बटणराव परतले तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. बटणरावांनी कागद वाचला, टोपी काढली, आणि मोठ्या चुकीत सापडलेल्या शिपायासारखे उभे राहिले.

"बाहेर जाताना सगळं बंद करून जायचं ना," ते म्हणाले. मग अगदी बारीक आवाजात, "मला वाटलं तो बाहेरचा दिवा असेल."

त्या दिवशी बटणराव खुर्ची घेऊन दारातच बसले. फिरायला गेले नाहीत, बदकं बघायला गेले नाहीत. स्वतःच्या बोटावर विश्वास नसल्यासारखे हाताची घडी घालून बसले. पट्ट्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. दुपार कलता कलता डबीचा दिवा हिरवा झाला. बाईंनी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकेक यंत्र कानात बसवलं आणि जरा दचकून तळ्याकडे पाहिलं. बदकं ओरडत होती.

बाई समोर बसल्या. महिनाभर घोळवलेलं एकही वाक्य आता आठवेना. वाचनालयातल्या आवाजात त्या एवढंच म्हणाल्या, "मला घर विकायचं नाही."

"कोणतं घर?" बटणरावांनी विचारलं.

"आपलं घर. तुम्ही होकार दिलात ते. सोमवारी सह्या आहेत."

"आपलं घर कोण विकतंय?"

"तो म्हणाला, बाबा हो म्हणाले. मी ताईकडे गेले होते तेव्हा."

"तू नव्हतीस," बटणराव म्हणाले, "तेव्हा यंत्रं रोज सकाळी मेलेलीच असायची. कशानं ते कळेना. तो जेवताना काहीतरी बोलत होता खरा. मी मान डोलवली."

"आणि ती माणसं? भिंती मोजत होती ती?"

"माणसांची कलकल नको म्हणून मी यंत्रं डबीत ठेवून बसायचो. मला वाटलं, रंग द्यायचाय."

बाईंना हसू आलं नाही. रडू आलं. महिनाभर ज्या माणसाला त्या मनातल्या मनात शिव्या घालत होत्या, त्यानं काही ठरवलंच नव्हतं. आणि प्लगचं बटण चालू करायचं आपण बहिणीकडे जाताना कुणालाच सांगितलं नाही, हेही त्यांना त्याच क्षणी आठवलं.

"मी घर विकायला निघालो, आणि तू महिनाभर गप्प बसलीस?" बटणरावांनी विचारलं. बाईंनी उठून फोन वायरीला लावला.

फोन सुरू होण्याइतका भरला तेव्हा ऊन उतरलं होतं. बाईंनी मुलाचा नंबर लावून फोन नवऱ्याच्या कानाशी धरला. पलीकडून मुलाचा आवाज बाईंनाही ऐकू येत होता. "बाबा, सोमवारी दहाला या हं. चालेल ना?"

बटणरावांनी ठामपणे, डावीकडून उजवीकडे, नकारार्थी मान हलवली.

"अहो," बाई म्हणाल्या, "मान नको. तोंडानं बोला."

बटणराव बोलले. इतक्या मोठ्यानं, की पलीकडे दंतवैद्याच्या बायकोच्या हातातली सुई खाली पडली.