खडकामागचा जनरेटर

अलीमच्या मंडपाशिवाय संगमनेरच्या पठारावर लग्न लागत नाही, असं लोक म्हणायचे आणि अलीमला ते ऐकायला आवडायचं. मंडप, खुर्च्या, हॅलोजन, भोंगे आणि पिकअपवर बसवलेला डिझेलचा जनरेटर, एवढा त्याचा पसारा. नवरदेव उशिरा आला तरी चालेल, पण अलीमची लाइट जाता कामा नये. मात्र लाइटवाल्याकडे कुणी बघत नाही, हे त्याला आतून टोचायचं. फोटोत नवरानवरी येतात, रुसलेले मामा येतात, अगदी बुंदी वाढणारेही येतात. उजेड देणारा कायम फोटोबाहेर.

म्हणून टीव्ही चॅनेलच्या बातमीदाराचा, सुनीलचा, फोन आला तेव्हा अलीम हातातला चहा तसाच ठेवून निघाला.

नाथाच्या कपारीत केडगावची संस्कृती नावाची कॉलेजातली पोरगी अडकली होती. कपार म्हणजे डोंगराच्या पोटात शिरलेलं अरुंद भुयार. मैत्रिणींबरोबर फिरायला आलेली संस्कृती खोलवर गेली, दगड सरकला आणि पाय त्याखाली सापडला. सोडवणारं पथक निघालं होतं, पण तोवर पोरीजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. गावाच्या शेळ्या राखणारा कानिफनाथ अंगानं काडीसारखा. तो पाण्याची बाटली आणि घोंगडी घेऊन आत सरपटत गेला. कानिफनाथ आणि अलीम शाळेत एकाच बाकावरचे.

पथक पोहोचलं, पण चॅनेलच्या गाड्या त्याच्याही आधी पोहोचल्या होत्या. एका चॅनेलवर ‘मृत्यूची गुहा’, दुसऱ्यावर ‘उरले किती श्वास?’ आणि खाली उलटं फिरणारं घड्याळ. आतली हवा कुणी मोजली होती कोण जाणे. आत पोरगी कानिफनाथला परीक्षेची भीती सांगत होती, तो तिला शेळ्यांची नावं सांगत होता. बाहेर तिचे श्वास मोजून संपवायचं काम जोरात चालू होतं.

दिवस मावळायला आला. अलीमनं जनरेटर सुरू केला आणि कपारीचं तोंड लखलखलं. खरं तर पथकाला त्या लाइटची गरज नव्हती, त्यांच्या डोक्याला बॅटऱ्या होत्या. उजेड कॅमेऱ्याला हवा होता.

“अलीमभाई, माइकमध्ये घरघर येतेय,” सुनील म्हणाला. “गाडी त्या खडकामागं घ्या ना. आणि हो, तुमची पण मुलाखत घेतो. स्वतःहून धावून आलेला लाइटवाला!”

अलीमनं गाडी खडकामागं घेतली. तिथं जमिनीत एक भोक होतं, थेट कपारीत उतरणारं. लहानपणी तो आणि कानिफनाथ त्यात दगड टाकायचे आणि आवाज कधी येतो ते कान लावून ऐकायचे. त्याला ते आठवलंही. पण भोकाचं काय एवढं, म्हणून त्यानं जहिराला, म्हणजे बायकोला, फोन लावला. “टीव्ही लाव. मी येणारंय.”

डिझेल बघायला गेला तेव्हा त्याला दिसलं की धूर वर जातच नाही. जमिनीलगत सरपटत तो भोकात शिरत होता. आतून कुणी बिडी ओढावी तसा ओढला जात होता.

तो धावत सुनीलकडे गेला. “सुनीलभाऊ, धूर कपारीत चाललाय. बंद करतो.”

“आत्ता? स्टुडिओनं लाइव्हला घेतलंय, पुढचा नंबर तुमचाच. थोडं थांबा हो. एवढ्याशा धुरानं काय होतंय?”

जनरेटर अलीमचा होता. बंद करायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. पण अलीम थांबला. इतकंच नाही, तर त्यानं खिशातला कंगवा काढून केस नीट केले. मुलाखत चांगली झाली. बोलून झाल्यावर तो पळत गेला आणि त्यानं जनरेटर बंद केला.

मग स्ट्रेचरवरून पोरगी बाहेर आली, ग्लानीत पण जिवंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पथकातले दोघं बाजूला जाऊन ओकत होते. सगळ्यांत शेवटी कानिफनाथला उचलून आणलं. भोकाच्या बरोबर खाली तोच बसला होता. त्याची मान लोंबत होती.

रुग्णवाहिका संगमनेरला पोहोचायच्या आत बातमी झळकली, ‘गुहेत विषारी वायू!’ डोंगराच्या पोटात असा वायू कसा साठतो, ते स्टुडिओतल्या एका जाणकारानं डोंगर न बघताच समजावून सांगितलं. घरी जहिराच्या फोनवर अभिनंदनाची रांग लागली होती.

पोरगी बरी होऊन केडगावला गेली. कानिफनाथही घरी आला, पण हात थरथरायचे, बोलता बोलता शब्द हरवायचा. दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून तो एकच सांगत होता, डिझेलचा वास आला, ट्रॅक्टरमागं उभं राहिल्यावर येतो तसा. पण टीव्हीपुढं कानिफनाथ कोण? कपारीत कुठला ट्रॅक्टर, म्हणून लोक हसले. वायू डोक्यात गेला म्हणाले. मग एकेकानं आपल्या शेळ्या त्याच्या कळपातून काढून नेल्या. येड्याच्या हाती जनावर कोण देणार? त्याची बायको छबूबाई त्याला चुलीजवळ एकटं सोडेना. देवऋषीही करून झाला.

चोराच्या मनात चांदणं. हॉटेलात कुणी ‘वायू’ म्हटलं की अलीम चहा टाकून उठायचा. शेवटी त्यानं सुनीलला फोन केला. टीव्हीनंच खरं सांगितलं तर कानिफच्या तोंडावर सांगावं लागणार नाही, असा भेकड हिशेब.

“अलीमभाई, ती बातमी संपली,” सुनील म्हणाला. “आता कशाला उकरता? नाव तुमचंच खराब होईल. आणि माझं.”

त्यानंतरही अलीम केळी घेऊन मित्राला भेटायला जात राहिला. अशाच एका दुपारी ओट्यावर बसलेला कानिफनाथ म्हणाला, “अल्या, एक इचारू? तू तर भाईरच हुतास. मला वास खरंच आल्ता, का माझं डोस्कं गेलंय? छबू म्हनती, भास हाय. आता मला बी तसंच वाटाया लागलंय.”

‘भास असंल’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मैत्री राहिली असती, नावही राहिलं असतं. अलीमला स्वतःची किळस आली.

“वास खरा हुता,” तो म्हणाला. “माझा जनरेटर त्या भोकापाशी हुता. आपन दगडं टाकायचो त्या. धूर आत जाताना मला दिसला हुता.”

“मग बंद न्हाई केलास?”

“टीव्हीवर माझा नंबर हुता.”

अलीम मान खाली घालून थोबाडीत बसायची वाट बघत राहिला. कानिफनाथ मात्र हसला, आणि हसता हसता रडायला लागला. “छबू! अगं भाईर ये! मी येडा न्हाई गं!”

छबूबाई पिठाच्या हातानं धावत आली.

“ऐक, ह्यो काय म्हनतोय. सांग अल्या, पुन्यांदा सांग.”

एकदा सांगणं कसंबसं जमलं होतं. दुसऱ्यांदा अलीमनं तिच्या पिठाच्या हातांकडे बघत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग केळी उचलून त्याच्या हातात परत दिली. “भावजी, शेळ्या गावानं नेल्यात. गावाला कोन सांगनार?”

सुनीलकडे चॅनेल होतं, पण अलीमकडेही भोंगे होते. बाजाराच्या दिवशी त्यानं पिकअप पारासमोर उघड्यावर लावली, भोंगे चढवले आणि जनरेटर सुरू केला. या वेळी घरघर लपवायला खडक नव्हता. सवयीनं तोंडातून ‘हॅलो, हॅलो’ निघालं तसं कुणाचं लग्न म्हणून सगळा बाजार वळून बघायला लागला. जन्मभर त्याला हेच हवं होतं, आणि आता जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

“मी अलीम, लाइटवाला,” तो पुटपुटला.

भोंग्याखाली छबूबाईच्या आधारानं उभा असलेला कानिफनाथ म्हणाला, “आवाज वाढव.”