रुंद पानांचे कूळ

घुगल मॅडमांशी माझी पहिली ओळख आष्टीच्या महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्राच्या तासाला झाली. त्यांनी पाण्याच्या परातीत एक वाळका, तपकिरी गुंता सोडला. पाहता पाहता त्याची पाने उलगडली, बारीक द्राक्षांसारखे हवेचे फुगे वर आले आणि तो तरंगू लागला. भर समुद्रात मुळांवाचून जगणारे ते शेवाळ परदेशातल्या अभ्यासकांनी त्यांना टपालाने पाठवले होते. मी थक्क झाले. मॅडमांनी स्वतः तोवर समुद्र पाहिलाच नव्हता, हे कळल्यावर तर आ वासून त्यांच्याकडे बघत राहिले.

या शेवाळाची तीन रूपे आहेत. दोहोंची पाने रुंद, एकाची अरुंद. रुंद पानांची दोन्ही एका कुळातली आणि अरुंद पानांचे वेगळे, असे मॅडमांनी आयुष्यभर मांडले आणि शिकवले. त्यांचे नाव झाले ते त्यावरच.

माझी आई आठवडी बाजारात भाजी विकायची आणि बाजाराच्या दिवशी माझे प्रात्यक्षिक बुडायचे. मॅडम रागावल्या नाहीत. एकदा संध्याकाळी त्या परात पिशवीत घालून आईच्या दुकानावर आल्या आणि वांग्यांच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी मला बुडालेला धडा शिकवला. जाताना त्या कोथिंबिरीची जुडी उलटून निरखू लागल्या, तेव्हा आईने विचारलेच, "मॅडम, सांबार उलटून काऊन पाह्यता?" पान मागून वेगळे दिसते, असे त्या हसून म्हणाल्या. आईने त्या दिवशी कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत.

पुढे मी जनुकांच्या अभ्यासाकडे वळले. यंदा मॅडमांना पंचाहत्तरावे वर्ष लागले, तेव्हा त्यांच्या गौरवग्रंथासाठी तिन्ही रूपांची जनुके तपासून त्यांच्या मतावर शिक्कामोर्तब करावे, असा माझा बेत होता. नमुने त्यांनीच दिले, तेही नावे झाकून, म्हणजे माझे मन कुठे झुकायला नको. निकाल मात्र उलटाच आला. रुंद पानांची दोन्ही रूपे एकमेकांपासून दूरची निघाली. त्यांतल्या एकाचे जवळचे नाते होते ते अरुंद पानांच्या रूपाशी. मी सगळे पुन्हा तपासले. निकाल तोच आला.

त्यांच्या सत्कारासाठी नेमलेल्या गौरव समितीला मी हे कळवले. सत्कार उरकू द्या, मग हळूच सांगू, असे ठरले. अशा वेळी समित्यांचे एकमत फार लवकर होते. मला ते पटेना. मी तळेगावला त्यांच्या घरी गेले आणि सगळे सांगून टाकले.

मॅडम वर्गात कधी प्रमाण मराठी सोडत नसत. त्या दिवशी त्यांचा चेहरा पडला. मग घरच्या बोलीत म्हणाल्या, "म्हंजे इतके वर्ष मी नुसते चेहरेच पाहून राह्यली होती." माझे डोळे भरून आले. ते पाहून त्यांचा आवाज चढला. "तू काऊन रडून राह्यली? हेच पुस्तकात लिहिजो. नाईतर तुमची शाल मले नको."

म्हणून हा लेख असा झाला आहे. गौरवग्रंथात सत्कारमूर्तींचीच चूक छापायची, आणि तीही त्यांच्या आज्ञेने! माझा धक्का अजून ओसरलेला नाही. निकालाचा कमी, मॅडमांचा जास्त.

निघताना मी रीतीप्रमाणे त्यांना दीर्घायुष्य चिंतले. त्या म्हणाल्या, "ते खरंच लागन. सगळे नमुने पयल्यापासून पाहाचे हायेत."

तेव्हा सुहृदहो, यंदा ही शुभेच्छा तोंडदेखली चालणार नाही. मॅडमांना निरोगी, लांबलचक आयुष्य मिळो, त्यांची नजर शाबूत राहो. त्यांना ते कामासाठी हवे आहे. परातीत पहिला नमुना भिजत पडलासुद्धा आहे.