छत्री कधी टाकायची

"आधी खाली काय होऊन राहिलंय ते पाहू," असं ते म्हणायचे आणि चष्मा कपाळावर सरकवायचे. ऑफिसात हे वाक्य एखाद्या फसलेल्या टेस्टबद्दल असे, बोटीवर समुद्राच्या तळाबद्दल. आवाज दोन्हीकडे सारखाच, सपाट. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

ते भंडाऱ्याकडचे. अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षं काढूनही "करून राहिलो, जाऊन राहिलो" सुटलं नव्हतं. न्यू जर्सीत टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ते टेस्टिंग विभागाचे प्रमुख होते. मी २००१ साली पुण्याहून त्यांच्या हाताखाली आलो. ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. माझी जीभ काही तशी वळली नाही. मी काका म्हणू लागलो आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

२००२ च्या ऑक्टोबरात आमच्या मजल्यावरची अकरा माणसं एका दिवसात कमी झाली. तशी माणसं त्या काळात सगळीकडेच कमी होत होती, तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल तर आठवत असेल. सकाळपासून एकेकाच्या टेबलावरचा फोन वाजायचा, तो माणूस कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत जायचा आणि बाहेर आला की खोकं भरायला लागायचा. खोलीत काका आणि एचआरची बाई. माझ्या बायकोला, वैशालीला, सहावा महिना होता. नोकरी गेली असती तर त्याच दिवशी व्हिसाही गेला असता आणि बाळंतपणाचा इन्शुरन्सही. मी आठ तास फोनकडे बघत बसलो. तो वाजला नाही.

चारच्या सुमाराला काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा नेहमीसारखाच. म्हणाले, "शनिवारी काय करून राहिला?"

काही नाही, म्हटलं.

"जाड जॅकेट आण. छत्रीला दोन माणसं लागतात."

मला काही कळलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला काही वाटतही नव्हतं. आनंदही नाही, वाईटही नाही. घरी येऊन वैशालीला सांगितलं, वाचलो. ती रडली. मी भात खाल्ला.

त्या अकरा जणांत वॉल्टर होता. वॉल्टर म्हणजे आमच्या लॅबमधला सगळ्यात जुना टेक्निशियन, साठीला टेकलेला. काका नवे नवे नोकरीला लागले तेव्हा गाडीत एकटेच बसून डबा खायचे. तेव्हा वॉल्टरने एक दिवस काचेवर टकटक करून विचारलं होतं, मासे धरतोस का? तेव्हापासून वीसएक वर्षं दोघं दर शरद ऋतूत शनिवारी रॅरिटनच्या खाडीत जायचे. बोट काकांची, पण विद्या वॉल्टरची. ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती. बोटीवरचा दुसरा माणूस आजवर कोण होता, हे मला त्या शनिवारी धक्क्यावर उभा असताना लक्षात आलं.

छत्री म्हणजे काय ते सांगायला हवं. मधोमध शिशाचा गोळा, त्यातून चार दिशांना निघालेल्या तारेच्या काड्या, प्रत्येक काडीला लोंबणारी रबराची मासळी आणि मधून जरा लांब सोडलेली आणखी एक. पावसात उलटून कापड उडालेली छत्री दिसते तशी दिसते. बोटीमागून ती खोल पाण्यात ओढत न्यायची. खालून बघणाऱ्या माशाला वाटतं, बारक्या मासळीचा घोळका चालला आहे. तिकडच्या समुद्रात अंगावर काळे पट्टे असलेला बास मासा असतो, हातभर लांब, कधी त्याहून मोठा. तो अशा घोळक्यावर तुटून पडतो. छत्र्या वॉल्टर स्वतःच्या गराजमध्ये बनवायचा. काकांच्या बोटीवर अशा सहा होत्या.

पण छत्री पाण्यात जायची ती काकांची तपासणी झाल्यावरच. तळ दाखवणाऱ्या छोट्या पडद्यासमोर ते चष्मा वर करून वाकायचे. बारकी, बोटाएवढी मासळी हवी. बास बंकर नावाची तिकडची मोठी मासळी खात असेल तर तो घोळक्याकडे ढुंकून बघत नाही, तेव्हा एकच मोठं आमिष लावायचं. मासे तळाशी हवेत. वर पाणी उसळवत असतील तर गळ फेकून धरावेत, छत्री त्यांच्या खालून जाते. आणि ओहोटी किंवा भरती, काहीतरी वाहतं हवं. पाणी थांबलं की बासही थांबतो. ऑक्टोबर उजाडून पाणी गार पडलं की हे सगळं जुळून यायला लागतं. जुळलं नाही तर काका तीन-तीन तास छत्रीला हात लावायचे नाहीत. शेजारच्या बोटीवर लोक छत्र्या ओढत आमच्याकडे बघून हसायचे. काका वहीत लिहायचे. वहीत दोन रकाने होते, अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल. मी सांगितलंच, टेस्टिंगचा माणूस.

एकदा ऑफिसातला एक पाहुणा फारच मागे लागला म्हणून उथळ पाण्यात छत्री टाकली. ती कुणाच्या तरी खेकड्याच्या पिंजऱ्याच्या दोरीत अडकली आणि सोडवता सोडवता आमची सकाळ गेली. काकांनी पाहुण्याला एक शब्द ऐकवला नाही. वहीत मात्र लिहिलं, "अपेक्षेप्रमाणे."

त्या पहिल्या शनिवारी सगळं जुळलं होतं. काका सुकाणूवर, मी रिळावर. दोरीऐवजी धातूची तार असते, तिला ठरावीक अंतरावर रंगीत खुणा. त्या मोजत तार सोडायची, म्हणजे छत्री किती खोल गेली ते कळतं. माणूस भरभर चालतो तेवढ्याच वेगाने बोट चालली होती. मग गळाची काठी एकदम वाकली, सरळ झाली आणि दुप्पट वाकली. "दोन आहेत," काका म्हणाले, "घाई नको." वीस मिनिटांनी दोन बास वर आले, एका छत्रीला दोन. माझ्या बोटांना तोवर काही कळेनासं झालं होतं. काकांनी लहान मासा हळूच पाण्यात सोडला आणि मोठा ठेवला.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, चांगलं. मला काहीच वाटलं नव्हतं. त्यांना ते कळलं असावं, कारण नंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

काकू त्या माशाचा सावजी मसाल्यात रस्सा करायच्या. काका प्रत्येक वेळी दोन घास खाऊन म्हणायचे, "एवढा मोठा मासा, पण झिंग्याची चव नाही याले." आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जायचे.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिचा अर्थ लावला नव्हता. बोट सोडण्याआधी ते दहा मिनिटं धक्क्यावर पार्किंगकडे तोंड करून उभे राहायचे. मी इकडे दोऱ्या सोडून तयार. मग घड्याळ बघून ते बोटीत यायचे. मला वाटायचं, भरतीची वेळ बघत असतील.

जानेवारीत आम्हाला मुलगी झाली. काका-काकू हॉस्पिटलमध्ये आले, काकांनी तिला हातात घेतलं नाही, लांबून बघितलं. दोन वर्षं अशीच गेली. शरद ऋतू आला की मी शनिवारी जाड जॅकेट घालून निघायचो.

२००४ च्या दिवाळीत आम्ही त्यांच्या घरी फराळाला गेलो होतो. स्वयंपाकघरात काकू चकल्या तळत होत्या, मी त्यांच्याकडून ताटली घ्यायला उभा होतो. बाहेर माझी मुलगी काहीतरी बडबडत होती. काकू तिच्याकडे बघत सहज बोलून गेल्या, "हिच्यासाठीच तर त्यांनी वॉल्टरचं नाव टाकलं. यादीत तुझं होतं ना. तीन रात्री झोपले नव्हते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी झारा खाली ठेवला. "तुला सांगितलं नाही त्यांनी?"

मी म्हणालो, सांगितलंय की. चकली खाल्ली, चांगली खुसखुशीत होती. बाहेर आलो तर काका मुलीला छोट्या चमच्याने चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढून देत होते.

घरी जाताना गाडीत वैशालीला सांगितलं. तिने मागच्या सीटवर झोपलेल्या मुलीकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "आता काय करायचं यार आपण याचं?" काम चालू होतं, पगार येत होता, मुलगी डे-केअरला जायला लागली होती. ती गोष्ट माझ्या आत नुसती पडून राहिली, दुखत नव्हती.

पुढच्या वसंतात छत्रीची एक काडी मोडली. तेवढं निमित्त धरून मी वॉल्टरच्या घरी गेलो. तो गराजमध्ये उभा राहून पक्कडीने तार वळवत होता. त्याने मला ओळखलं. मोडकी छत्री हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि नवी काडी बसवायला लागला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की त्या यादीत आधी माझं नाव होतं, आणि हे मला आत्ता कळलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. त्याचं काम चालूच होतं. थोड्या वेळाने त्याने पक्कड ठेवली. त्याचं इंग्रजी संथ होतं आणि ते शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. मराठीत त्यांचा अर्थ एवढाच, "त्याने मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तुझ्या बायकोला मी कंपनीच्या पिकनिकमध्ये पाहिलं होतं. मी हो म्हटलं असतं. पण त्याने विचारलं नाही. त्या खोलीत बोलावलं आणि पाकीट दिलं."

छत्रीचे पैसे त्याने घेतले नाहीत. काकांबद्दल त्याने काही विचारलंही नाही.

हे काकांना सांगावं की नाही, यात माझा उन्हाळा गेला. ऑक्टोबरात आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो. काका धक्क्यावर पार्किंगकडे तोंड करून उभे राहिले, आणि आता मला ठाऊक होतं ते कुणाची वाट बघतात. खाडीत आल्यावर त्यांनी पडदा बघितला. मासळी बारकी होती, तळाशी होती, पाणी वाहत होतं. "टाक," म्हणाले. मी तार सोडली नाही.

"काका, मी वॉल्टरला भेटलो होतो," मी म्हणालो, आणि त्याचे शब्द होते तसे सांगितले.

ते पुढे बघत सुकाणू धरून राहिले. बोट तशीच चालत राहिली, खालचे मासे मागे पडले. बऱ्याच वेळाने त्यांनी इंजिन बंद केलं.

"मले वाटलं, विचारलं तर त्याच्यावर ओझं होईल," ते म्हणाले. मग थांबून, "नाही. मलेच भीती वाटली. नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं?"

माझं आयुष्य त्या प्रश्नाच्या उत्तरावर उभं होतं. मी हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. त्या दिवशी छत्री पाण्यात गेलीच नाही. त्यांनी वहीही उघडली नाही.

पुढचं मला काकूंकडून कळलं. दुसऱ्या दिवशी काका वॉल्टरच्या घरापर्यंत गेले, समोर गाडी लावून तासभर बसले आणि परत आले. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी वॉल्टरच बाहेर आला आणि म्हणाला, पेट्रोल कशाला जाळतोस, आत ये. आत काय बोलणं झालं ते काकूंनाही माहीत नाही. काका एवढंच म्हणाले की कॉफी फार कडू होती. पण मग ते दर रविवारी जायला लागले. त्या हिवाळ्यात त्यांच्या बोटांवर तारेचे ओरखडे असायचे. ऑफिसात मीटिंगमध्ये ते नकळत त्यांवरून अंगठा फिरवायचे.

वॉल्टर बोटीवर मात्र यायचा नाही. २००६ चा शरद ऋतू आम्ही दोघांनीच काढला, जेमतेम तीन-चार शनिवार. काका आता धक्क्यावर थांबत नसत.

२००७ च्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "उद्या नको येऊ." कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या जानेवारीत बहिणीच्या लग्नासाठी मी पुण्यात होतो. तिथे ऑफिसातल्या एकाची ईमेल आली की घरासमोरचं बर्फ काढताना काका कोसळले आणि हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत. मांडवात केळवणाची पंगत बसली होती. मी वाढायला उठलो होतो, ते वाढतच राहिलो. परत आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकू मुलाकडे, शुगर लँड नावाच्या दूरच्या गावी, जायच्या तयारीत होत्या. त्या माझ्याशी नीट बोलल्या, मीही नीट बोललो. रडू तेव्हाही आलं नाही, नंतरही आलं नाही.

मी त्यांना बोटीवर शेवटचं पाहिलं ते नोव्हेंबरातल्या त्याच शनिवारी. नको म्हणाले होते तरी मला सवयीने जाग आली आणि मी गाडी काढून धक्क्यावर गेलो. बोट नुकती सुटली होती. सुकाणूवर वॉल्टर होता, लाल टोपी घातलेला. काका मागे रिळाशी बसले होते, माझ्या जागेवर, तार तपासत. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि दोघांच्याही पाठी माझ्याकडे होत्या. मी हात वर केला, मग खाली घेतला. खाडीच्या तोंडाशी बोट वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथे उभा राहिलो, आणि मग मुलीला पोहायच्या क्लासला सोडायचं होतं म्हणून घरी आलो.