पहिल्या टिंबापाशी कापलेली नावं

मंडळी, ऑफिसातून आल्या आल्या आपल्या ईमेल ग्रुपवर हे लिहितेय.

भिवंडीत लूमच्या कापडाची डिझाईनं कॉम्प्युटरवर करणारं आमचं छोटं ऑफिस. सुनंदाताई तिथल्या डिझायनर. गेल्या महिन्यात काविळीने गेल्या.

नव्या सॉफ्टवेअरला फाईलच्या नावामागचं ‘.बीएमपी’ हे शेपूट चालत नाही. म्हणून सकाळी मी प्रोग्राम लिहिला. नावात टिंब आलं की पुढचं कापायचं, फाईल नव्या फोल्डरमध्ये टाकायची आणि जुनी पुसायची.

ताईंनी नावांतही टिंबं दिली होती. ‘मोर.निळा’, ‘मोर.जांभळा’, ‘मोर.पिसारा’. कापल्यावर सगळ्यांचं नुसतं ‘मोर’ झालं. प्रत्येक फाईल आधीच्या फाईलवर बसली आणि शेवटची तेवढी उरली. वेलींचं, जास्वंदीचं तेच. जुन्या प्रती ठेवलेल्या फ्लॉप्यांना बुरशी लागलेली, एकही उघडली नाही.

दुपारी जवळच्या कोन गावाहून ताईंचे मिस्टर आले.

"तिचं काम एकदा बघू द्या. ती होती तेव्हा कधी आलोच नाही हो मी."

जे उरलं होतं ते दाखवलं.

"एवढंच?"

"काका, सकाळपर्यंत खूप होतं. माझ्या हातून गेलं."

त्यांनी स्क्रीनवरच्या उरलेल्या मोरावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "परत येतं का असलं?"

"बघते," असं मी म्हणून बसले.

कुणाला अशा फाईली कधी परत मिळाल्यात का? नसतील तर स्पष्ट लिहा. त्यांना उगाच वाट बघायला लावायची नाही मला.