बाबांचे डोळे लाल का होते

ही गोष्ट तीन माणसांना माहीत आहे. मी, बाबा आणि आई. आठ वर्षं झाली, तिघांपैकी कोणीही ती तोंडातून काढलेली नाही. आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या काळाचौकीच्या चाळीतले नाही आणि उद्या सकाळी गॅलरीत समोर येणार नाही. माझं धैर्य एवढंच आहे. याहून जास्त असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती.

सुरुवात कुठून करू? बाबांच्या डोळ्यांपासून करते.

बाबा लालबागला एका मसाल्याच्या दुकानात डंकावर कामाला होते. डंक म्हणजे मिरच्या आणि खडा मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं दिवसभर वरखाली आपटत असतात आणि तिखटाची बारीक धूळ हवेत तरंगत राहते. उन्हाळ्यात बायका वर्षाचा मसाला कुटून घ्यायला रांगा लावतात, तेव्हा तर रस्त्यावरून जाणाराही शिंकतो. बाबा त्या धुळीत रोज दहा तास उभे असत. त्यांचे डोळे बारा महिने लाल असायचे. घरी आले की मोरीत तोंड धुवायचे आणि डोळ्यांवर ओला रुमाल टाकून दहा मिनिटं पडायचे. लहानपणी मला वाटायचं, वडिलांचे डोळे लालच असतात.

आणि हा माणूस साधी सुपारीसुद्धा तोंडात टाकत नसे. चाळीच्या गणपतीत पहिल्या आरतीचं ताट दरवर्षी बाबांच्या हातात द्यायचे. असा काही नियम नव्हता, पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष परबकाका म्हणायचे, निर्व्यसनी माणूस आहे, सुरुवात त्याच्या हाताने होऊ दे. बाबा लाजायचे, नको नको म्हणायचे आणि मग घ्यायचे. त्या दिवसासाठी त्यांचा एक पांढरा सदरा वेगळा ठेवलेला असे. हे ताट लक्षात ठेवा.

बारावीत मी एक यंत्र बनवलं. यंत्र म्हणजे काय — जुना एक्झॉस्ट फॅन, तेलाचा रिकामा डबा आणि आत ताणून बसवलेली ओली मलमल. डंकाजवळ ठेवलं की धूळ ओढून घ्यायचं आणि मलमल लालभडक व्हायची. सगळी धूळ नाही जायची, अर्धी जायची. पण बाबांनी ते दुकानात असं मांडलं होतं, जणू शोरूममधून आणलंय. मसाला कुटायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगायचे, माझ्या पोरीने केलंय.

त्याच वर्षी मला त्या विद्यापीठाबद्दल कळलं. खाजगी, शहरापासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी. लेखी परीक्षा नाहीत, पहिल्या दिवसापासून प्रोजेक्ट. काहीतरी बनवा, मोडा, परत बनवा आणि त्यातून शिका. मला तर वाटलं, ही जागा माझ्यासाठीच बांधली आहे. मग फीचा आकडा बघितला आणि लॅपटॉप बंद केला. दोन दिवसांनी परत उघडला, कारण खाली शिष्यवृत्तीची ओळ होती. त्यासाठी तीन गोष्टी मागितल्या होत्या. स्वतः बनवलेल्या वस्तूचा व्हिडिओ, पालकांशी थोडं बोलणं आणि एक निबंध. तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी अडचण कोणती, आणि तुम्ही तिच्यावर मात कशी केली?

व्हिडिओ झाला. निबंधाशी अडले.

हसू नका, पण मला अडचणच सापडेना. दहा बाय बाराची खोली? ती तर सगळ्या चाळीचीच होती. पैसे कमी? कमी होते, पण उपाशी कोणी झोपत नव्हतं. मी नेटवर निवड झालेल्या मुलांचे निबंध वाचले. एकाच्या घराला आग लागली होती, एकीचं सगळं गाव पाण्याखाली गेलं होतं. आणि माझ्याकडे काय? दर रविवारी कोळंबी आणणारा बाप आणि त्यावरून त्याच्याशी भांडणारी आई. आमच्या घरात दुःखाची टंचाई होती. मला तेव्हा खरोखर राग आला — सुखी असल्याचा राग. असा राग येतो का कोणाला?

मला आला. मग मी बाबांच्या डोळ्यांकडे बघितलं.

मी लिहिलं, की माझे वडील दारू पितात. घरी येतात तेव्हा त्यांचे डोळे लाल असतात, असं पहिलं वाक्य होतं. ते वाक्य खरंच होतं, बघा ना. पुढचं सगळं मी तळमजल्यावरच्या एका घरातून उचललं. तिथला आरडाओरडा वर गॅलरीत ऐकतच आम्ही सगळी मुलं मोठी झालो होतो. फेकलेली ताटं, पगाराच्या दिवशीची भीती, सगळं त्यांचं होतं. शेवटी लिहिलं, की अशा बापासाठीसुद्धा मी धूळ ओढणारं यंत्र बनवलं. निबंध चांगला झाला होता. लिहिताना मला रडू आलं होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

मला वाटलं होतं, हे दूर कुठल्यातरी ऑफिसात कोणीतरी वाचेल आणि फाईल बंद होईल. पालकांशी बोलणं म्हणजे फीबद्दल विचारतील. मे महिन्यात व्हिडिओ कॉल ठरला. आई घोडपदेवला मावशीकडे गेली होती. बाबा सीझनमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले, तोच पांढरा सदरा घातला आणि माझ्या शेजारी ताठ बसले. डोळे नेहमीसारखेच लाल. समोरच्या बाई मराठीच होत्या, स्वभावाने फार मऊ. त्यांनी यंत्राचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "काका, मुलीने तुमच्याबद्दल मोकळेपणाने लिहिलंय. वाईट वाटून घेऊ नका. आता पिणं कमी झालंय का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

किती वेळ गेला असेल? दोन सेकंद? मी खाली मांडीवरच्या हातांकडे बघत होते. त्या दोन सेकंदांत मी 'मॅडम, ते खरं नाही' एवढं म्हणू शकत होते. चार शब्द.

"सोडली, मॅडम," बाबा म्हणाले. "येत्या गणपतीत वर्ष होईल."

बाईंनी त्यांचं अभिनंदन केलं. बाबांनी हात जोडले. कॉल संपल्यावर ते उठले, मोरीत गेले, तोंड धुतलं, सदरा काढून घडी घातली. मी तिथेच बसून होते. ओरडतील, विचारतील, निदान का म्हणून तरी विचारतील — मी वाट बघत होते. कामावर परत जाताना चपला घालता घालता ते म्हणाले, "बाय, फॉर्मात अजून काय काय लिवलंयस ते सांगून ठेव. परत विचारलं तर माझं चुकायला नको."

मी सांगितलं. सगळं. ताटं, पगाराचा दिवस, सगळं. ते मान हलवत ऐकत होते, आई बाजाराची यादी सांगते तेव्हा ऐकतात तसे.

शिष्यवृत्ती मिळाली. फीचा मोठा भाग माफ झाला. उरलेल्या फीसाठी बाबा रविवारीसुद्धा डंकावर जाऊ लागले. रविवारची कोळंबी बंद झाली आणि डोळे आणखी लाल झाले. माझं यंत्र मी कॉलेजात दाखवायला घेऊन गेले होते, त्यामुळे दुकानात तेही नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर? तर मी कदाचित हे विसरलेही असते. पण मला सांगायचंय ते पुढचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले होते. विद्यापीठाने शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांच्या गोष्टी वेबसाइटवर टाकल्या होत्या, माझीही, निबंध आणि फोटोसकट. परवानगीच्या चौकोनात मीच टिक केली होती, न वाचता. परबकाकांच्या सुनेला ती सापडली आणि तिने कौतुकाने चाळीच्या ग्रुपवर टाकली. आपल्या चाळीची पोरगी म्हणून. दुपारपर्यंत पन्नासएक अंगठे आणि पुष्पगुच्छ जमले. इंग्रजीत असल्यामुळे कोणी वाचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी वाचलं. मग अंगठे यायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी परबकाका आमच्या दारात आले. आई आत भाजी चिरत होती, मी दाराशी उभी होते, बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. काकांच्या मागे शेजारचे दोघंतिघं रेंगाळत होते. काकांनी मोबाईल पुढे धरला.

"वसंता, हे काय लिवलंय? पोरगी खोटं बोलते की काय?"

प्रश्न बाबांना होता, पण काका बघत होते माझ्याकडे. चाळीत खोटारडी ठरले असते, फार तर एवढंच झालं असतं. आणि विद्यापीठात कोणी कळवलं असतं तर शिष्यवृत्ती गेली असती. मी हा हिशोब तिथल्या तिथे केला. होय, केला. आणि गप्प राहिले.

"ती कशाला खोटं बोलेल?" बाबा म्हणाले. "होती थोडी सवय. तुम्हाला कळू दिली नव्हती."

आतला विळीचा आवाज थांबला. आई दारापर्यंत आली, बाबांकडे बघितलं. बाबांनी अगदी बारीक मान हलवली आणि ती परत आत गेली. त्या दिवसापासून आईने मला कॉलेजबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. पदवीच्या दिवशीही 'जेवलीस का' एवढंच विचारलं.

पुढच्या गणपतीत पहिल्या आरतीला परबकाका ताट घेऊन जरासे घोटाळले. बाबाच मागे सरकले. "दुसऱ्या कोणाला तरी द्या," म्हणाले, आणि झांजा घेऊन कोपऱ्यात उभे राहिले. सदरा साधाच होता. मी समोर होते. पुढे दरवर्षी ते झांजाच वाजवत राहिले.

मग माझी पदवी झाली. शिष्यवृत्ती जायची भीती संपली. नोकरी लागली. आता सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. तरी मी गप्प राहिले. यंत्र चांगलं होतं म्हणून माझी निवड झाली की निबंध चांगला होता म्हणून, हेही मी त्या बाईंना कधी विचारलं नाही. विचारायची सोय होती. त्यांचा नंबर आजही माझ्याकडे आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी डंकाचं काम सोडलं. छातीत धूळ बसली होती, डॉक्टरांनी बंदच करायला लावलं. आता ते सकाळी फेरफटका मारतात, पेपर वाचतात, रविवारी कोळंबी आणतात. आणि त्यांच्या डोळ्यांतला लालपणा गेलाय. बुबुळांचा रंग मी पहिल्यांदाच नीट बघितला — फिकट तपकिरी आहे. माझ्यासारखाच.

यंदाच्या गणपतीत पहिल्या आरतीला परबकाकांनी सगळ्यांना थांबवलं. ताट उचललं आणि बाबांपुढे धरलं.

"सोडल्यापासून डोळे बघा कसे निवळलेत वसंताचे," ते सगळ्यांना म्हणाले. "माणूस सुधारला की त्याला मान द्यायला हवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा लाजले. नको नको म्हणाले आणि मग त्यांनी ताट घेतलं. आई माझ्या उजवीकडे होती, पुढे बघत होती.

आरती सुरू झाली. मी बाबांच्या शेजारी उभी होते, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते.