बाहुलीघरातली छापील गोधडी

हे सांगायचं मी सात-आठ वर्षं टाळलं. डोळ्यांमुळे बायकोने सुई खाली ठेवली, असं आमच्या घरी सगळे समजतात. तसं मीच सांगत आलो. ते खोटं आहे.

लखनौजवळच्या बख्शी का तालाब इथल्या एअर फोर्स स्टेशनमधून निवृत्त झाल्यावर आम्ही लखनौलाच राहिलो. नातीच्या वाढदिवसासाठी मी प्लायवूडचं बाहुलीघर केलं. त्यातल्या पलंगासाठी बायको तळहाताएवढी गोधडी शिवायला बसली, स्वतःच्या साड्यांचे नखाएवढे तुकडे जोडून. दोन महिने लागले. मोतीबिंदूमुळे धावदोरा वाकडातिकडा जाई. मी नोकरीभर विमानांच्या सुट्या भागांची मापं तपासलेली. मला ते बघवेना.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती सब्जी आणायला गेली असताना मी तिच्याच जुन्या, मोठ्या गोधडीचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर लहान केला आणि जाड कागदावर चिकटवलेल्या मलमलीवर प्रिंटरने छापला. टाके अगदी सरळ उमटले. मागचा कागद सोलून, कडा दुमडून ती छापील गोधडी पलंगावर अंथरली. तिने शिवलेली माझ्या कपाटात ठेवली. वाटलं, तिला कळणारही नाही.

वाढदिवसाला नात ओरडलीच, "आजी, कितनी सफाई से सिला है!"

शेजारच्या भाभींनी तर तिला लखनवी चिकनचं भरतकाम करणाऱ्या बायकांच्याही वर बसवलं, "चिकनवालियों की छुट्टी कर दी आपने! और कहती थीं, दिखता नहीं."

सगळे हसले. बायकोने गोधडीवर अंगठा फिरवला. मग पुन्हा, उलट्या दिशेने. टाका कुठे हाताला लागलाच नाही.

"हाँ, हो गया किसी तरह," एवढंच ती म्हणाली.

पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "अहो, माझी कुठंय?"

मी कपाटातून काढून दिली. "अगं, चारचौघांत तुझं हसू व्हायला नको, म्हणून..."

"माझं, की तुमचं?"

पुढे तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पेपरातली बारीक अक्षरंही ती वाचू लागली. पण तिने सुई पुन्हा हातात घेतली नाही. मुलं विचारत, तेव्हा मी तिच्यादेखत सांगायचो, डोळ्यांना ताण नको म्हणून.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या आजारपणात मी रोज दुपारी तिच्या उशाशी बसायचो. औषधांचं, नातीच्या परीक्षेचं, सगळं बोलायचो. एवढंच बोललो नाही: अगं, तुझ्या हातची गोधडी लोकांसमोर ठेवायची मलाच लाज वाटली. चुकलं माझं.